‘र’ कोणाचा?

१९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत विल्यम लबोव्ह हे भाषाभ्यासक विक्रेत्यांना अमुक वस्तू कोठे मिळेल, असे विचारीत फिरले. उत्तर ठरलेले: ‘फोर्थ फ्लोर’, चौथा मजला. त्यांचे कान होते स्वरामागून येणाऱ्या ‘र’कडे. श्रीमंतांच्या सॅक्समध्ये शेकडा ६२ विक्रेत्यांनी तो निदान एकदा उच्चारला, मध्यमवर्गाच्या मेसीजमध्ये ५१, स्वस्त क्लाइनमध्ये सुमारे २०. बाकीच्यांनी तो गिळला. सारे पगारी नोकरच. पण जीभ गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे वळत होती! लंडनच्या प्रतिष्ठित इंग्रजीत मात्र हाच ‘र’ गिळणे सभ्यपणाचे लक्षण. म्हणजे थोरवी ध्वनीत नाही, बोलणाऱ्याच्या पायरीत आहे. उच्चार अशुद्ध म्हणून एखाद्याला नोकरी नाकारताना आपण जिभेची परीक्षा घेतो की जन्माची, याचा विचार व्हावा.