तारेचे सात वेढे

सर्किट जुळवायचे म्हटले, की तापलेल्या हत्याराने दिलेला डाख डोळ्यांपुढे येतो. परंतु डाखाचा थेंबही न वापरता तारेचा सांधा करता येतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. या पद्धतीस 'वायर-रॅप' म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत, टेलिफोनच्या यंत्रसामग्रीसाठी, १९५०च्या दशकाच्या आरंभी ती विकसित झाली.

तिचे रहस्य आहे खुंटीच्या आकारात. खुंटी गोल नसते, चौकोनी असते, आणि तिच्या कडा धारदार असतात. हौशी कामात खुंटी बहुधा ०.६४ मिलिमीटर जाडीची आणि तार पाव मिलिमीटरची असते. टोकाकडचे सुमारे २५ मिलिमीटर वेष्टन सोलून, छोट्या अवजाराने तार ताणून गुंडाळली, की सातएक वेढे बसतात. प्रत्येक वेढा चार कडांवर आवळला जातो. म्हणजे सात वेढ्यांत २८ ठिकाणी कड तारेत रुतते. तेथील दाबाने ऑक्साइडचा पातळ थर फुटतो, धातूस धातू भिडतो आणि मध्ये हवेलाही वाव उरत नाही. हवा नाही, तेथे गंजही नाही. वेष्टनासह आणखी एक-दीड वेढा दिला, की हादऱ्याने तार मुळाशी तुटत नाही. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या संगणकातील घटकसंचही अशाच वेढ्यांनी परस्परांस जोडलेले होते.

हौशी कारागिराला मात्र दुसराच गुण मोलाचा वाटतो. चुकलेली तार उलट फिरवून क्षणात सोडविता येते. नव्या जोडणीस तुकडा मात्र नवाच घ्यावा. एकदा वळलेल्या तारेचा भरवसा नाही. ओळीने अनेक खुंट्या जोडताना पहिली तार खालच्या थरात, दुसरी वरच्या, तिसरी पुन्हा खालच्या, अशी आखणी ठेवावी. मग एक तार बदलताना फार तर शेजारच्या दोन काढाव्या लागतात. सारी साखळी उकलावी लागत नाही.

खरा धोका असतो तो नजरेचा. तारा पाटीच्या मागील अंगाने जोडावयाच्या असल्याने आयसीच्या पायांचा क्रम आरशातल्याप्रमाणे उलटा दिसतो. म्हणून मागे क्रमांकांची कागदी पट्टी बसवावी आणि जोडलेली प्रत्येक तार आराखड्यावर तांबड्या पेन्सिलीने खोडीत जावे.

आज छापील पाट्या स्वस्तात करून मिळतात, त्यामुळे ही पद्धत मागे पडली आहे. तथापि ज्या सर्किटाचा आराखडा अजून पक्का झालेला नाही, त्याला असाच सांधा हवा: कामात घट्ट आणि चूक उमगताच सुटणारा.