कार्यालयासाठी सॉफ्टवेअर घेताना अंध कर्मचाऱ्याचाही विचार व्हावा

सातारा व कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत, तसेच सांगलीतील हळदीच्या पेढ्यांवरही आता निरोप, हिशेब आणि बैठका मोबाईल व संगणकावर होऊ लागल्या आहेत. अशा ठिकाणी अंध माणूस काम कसे करणार, अशी शंका अनेक मालकांना येते. त्यांच्यासाठी ही थोडी माहिती देत आहोत.

अंध कर्मचारी माऊसऐवजी कळफलक वापरतो. 'स्क्रीन रीडर' हा प्रोग्राम पडद्यावरील मजकूर त्याला वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेला 'एनव्हीडीए' हा असा प्रोग्राम मोफत मिळतो व मराठीही वाचतो. बैठकीत स्वतःचा आवाज बंद-चालू करण्यासाठी झूममध्ये ऑल्ट व ए, तर टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व एम या कळा पुरतात.

मग अडते कोठे? बटणाला नाव दिलेले नसेल तर प्रोग्राम नुसते 'बटण' एवढेच म्हणतो. ते पाठवण्याचे की पुसण्याचे, हे कळत नाही. बैठकीत कोणी आपला पडदा दाखवला, तर अंध व्यक्तीच्या संगणकावर ते केवळ चित्र असते. ग्रुपवर टाकलेल्या बिलाच्या फोटोचेही तेच. याचा अर्थ, हिशेबात हुशार असलेला माणूसही कामातून बाजूला पडतो, तो सॉफ्टवेअरच्या व आपल्या सवयींच्या दोषामुळे.

कायदाही लक्षात घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटले आहे.

आमची व्यापारी व उद्योजक बांधवांना सूचना आहे, की सॉफ्टवेअरचे पैसे देण्यापूर्वी माऊस बाजूला ठेवून, स्क्रीन रीडर लावून ते चालवून पाहावे. शक्य तर हे काम अंध व्यक्तीकडूनच करून घ्यावे. फोटोऐवजी मूळ फाईल पाठवावी. बैठकीत पडद्यावरचे आकडे तोंडी सांगावेत. यातील बऱ्याच गोष्टींना खर्च नाही. मात्र त्यांच्यावाचून एखाद्याची रोजीरोटी जाऊ शकते.