अल्स्टर नऊ काउंट्यांचे, उत्तर आयर्लंड सहांचे

‘आयर्लंडचे प्रांत चार. त्यांपैकी तीन स्वतंत्र झाले आणि चौथा, अल्स्टर, ब्रिटनकडे राहिला.’ फाळणीवरची भाषणे, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, ब्रेक्झिटवरच्या चर्चा, सगळीकडे हे वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडते. सुटसुटीत आहे, चटकन पाठ होते, आणि साफ चुकीचे आहे.

चार प्रांत खरे: अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर आणि कॉनॅक्ट. काउंट्या एकूण बत्तीस. त्यांतल्या नऊ अल्स्टरच्या. पण ब्रिटनकडे राहिल्या त्या सहाच: अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, टायरोन आणि लंडनडेरी. डॉनिगॉल, कॅव्हन आणि मॉनहन या अल्स्टरच्याच उरलेल्या तीन काउंट्या डब्लिनच्या राज्यात गेल्या आणि आजही तिथेच आहेत. म्हणजे फाळणी प्रांताप्रांतांत झालीच नाही. एक प्रांत मधोमध चिरला गेला. नागपूरकराला कोणी वऱ्हाडातला म्हटले तर तो लगेच चूक दुरुस्त करतो. कॅव्हनच्या माणसाला तुमचे गाव अल्स्टरमध्ये नाही असे सांगून पाहा, तोही तेच करील.

‘तीन काउंट्या इकडच्या तिकडे, एवढी चिकित्सा कशाला?’ असे मला विचारतात. या प्रश्नाचीच मला खरी चीड येते, कारण त्या तीन काउंट्या का वगळल्या हे समजले नाही तर आयर्लंडची फाळणी समजतच नाही.

1911 च्या जनगणनेचे आकडे पाहा. नऊ काउंट्यांच्या अल्स्टरमध्ये कॅथलिक सुमारे 44 टक्के होते. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे युनियनिस्ट बहुतांशी प्रोटेस्टंट, आयरिश स्वराज्य मागणारे बहुतांशी कॅथलिक. एवढ्या निसटत्या बहुमतावर बेलफास्टची नियोजित संसद कायम हाती ठेवणे युनियनिस्ट पुढाऱ्यांना धोक्याचे वाटले. मग त्यांनी आकडेमोड केली. कॅव्हन आणि डॉनिगॉलमध्ये दर पाच माणसांमागे चार कॅथलिक होते, मॉनहनमध्ये चारांमागे तीन. या तिन्ही काउंट्या सोडून दिल्या की उरलेल्या सहांत कॅथलिक जेमतेम 34 टक्के उरत. ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या वॉल्टर लाँग समितीने नऊ काउंट्यांची शिफारस केली होती. युनियनिस्ट पुढारी जेम्स क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहाच हव्या होत्या. अखेर सहाच ठरल्या.

बरे, या सहाही काउंट्यांत तरी प्रोटेस्टंटांचे बहुमत होते का? तेही नाही. फर्मॅना आणि टायरोनमध्ये कॅथलिकच अधिक होते, सुमारे 55 ते 56 टक्के. लोकेच्छेचा निकष काटेकोर लावला असता तर बेलफास्टच्या पदरात चारच काउंट्या पडल्या असत्या, आणि प्रांताचा लावला असता तर नऊ. सहा हा आकडा भूगोलातून आला नाही, इतिहासातूनही नाही. बहुमत टिकवून जास्तीत जास्त जमीन किती राखता येईल, या हिशेबाचे ते उत्तर होते.

त्या हिशेबात सर्वाधिक पोळले ते वगळलेल्या तीन काउंट्यांतले युनियनिस्ट. सप्टेंबर 1912 मध्ये स्वराज्याच्या विरोधात ‘अल्स्टर कॉव्हेनंट’ या प्रतिज्ञापत्रावर लाखो लोकांनी सह्या केल्या. त्यांत कॅव्हन, मॉनहन आणि डॉनिगॉलची माणसेही होती. एकमेकांच्या पाठीशी उभे राहण्याची ती शपथ होती. मार्च 1920 मध्ये त्यांच्याच अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिलने सहा काउंट्यांची योजना मान्य केली आणि या सह्याकऱ्यांना वाऱ्यावर सोडले. ‘अल्स्टर ब्रिटनकडे राहिले’ असे म्हणताना आपण या माणसांना इतिहासातून पुसून टाकतो.

शंका असेल त्याने 1920 चा ‘गव्हर्न्मेंट ऑफ आयर्लंड ॲक्ट’ काढून वाचावा. त्यात उत्तर आयर्लंडची व्याख्या सहा काउंट्यांची नावे घेऊन केलेली आहे. अल्स्टर प्रांत अशी नाही. 3 मे 1921 रोजी फाळणी अमलात आली ती याच कायद्याने.

यातून दुसरी विपरीत गोष्ट घडली. काउंट्यांच्या हद्दी राजेशाही कारभाराच्या सोयीसाठी आखलेल्या होत्या. लंडनडेरी काउंटी तर 1613 मध्ये लंडनच्या व्यापारी मंडळ्यांच्या वसाहतीसाठी आजूबाजूचे तुकडे जोडून बनवलेली. या रेषांवर कधीकाळी जकात नाकी बसतील असे ती आखणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. एप्रिल 1923 पासून ती बसली. सीमा पेटिगो गावातून गेली, नदीच्या एका काठावर एक राज्य, दुसऱ्या काठावर दुसरे. क्लोन्सहून कॅव्हनकडे जाणारा रस्ता दहाएक किलोमीटरच्या अंतरात चार वेळा सीमा ओलांडतो. डेरी (लंडनडेरी) शहराचा बाजार ज्या डॉनिगॉलच्या गावांवर चाले, ती गावे परराज्यात गेली. खुद्द डॉनिगॉल आपल्या राज्याच्या उरलेल्या भागाशी फक्त लीट्रिमजवळच्या एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेले उरले.

ही रेषा दुरुस्त होणार होती. ब्रिटन आणि आयरिश पुढाऱ्यांमधल्या डिसेंबर 1921 च्या तहात रहिवाशांची इच्छा आणि आर्थिक-भौगोलिक परिस्थिती पाहून सीमा ठरवणारा आयोग नेमण्याचे कलम होते. न्यायमूर्ती फीथम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसलाही. नोव्हेंबर 1925 मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राने त्याचा मसुदा फोडला. मोठे प्रदेश मिळण्याची आशा बाळगणाऱ्या डब्लिनला कळले की बदल किरकोळच आहेत, उलट डॉनिगॉलचा काही भाग गमवावा लागेल. लंडन, डब्लिन आणि बेलफास्टच्या तिन्ही सरकारांनी घाईने अहवाल गुंडाळला, आहे ती रेषा कायम केली, आणि तो अहवाल 1969 पर्यंत प्रसिद्ध झाला नाही.

उत्तर आयर्लंडसाठी ‘अल्स्टर’ हा चुकीचा शब्द रुजण्यात युनियनिस्टांचा वाटा मोठा. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांचे नावच 2001 पर्यंत ‘रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी’ होते. आपल्याकडे हा शब्द स्वराज्याच्या वादांतून आला. बाबासाहेब आंबेडकरांनीही पाकिस्तानविषयीच्या पुस्तकात अल्स्टरचा दाखला दिला आहे. त्या काळच्या राजकीय भाषेत तो चालून गेला. आज नकाशा समोर असताना चालवून घेण्याचे कारण नाही. गेलिक फुटबॉलमध्ये तर अल्स्टरची सर्वाधिक अजिंक्यपदे कॅव्हनच्या नावावर आहेत, आणि कॅव्हन डब्लिनच्या राज्यात आहे.

‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे शब्दही दिशा म्हणून घेऊ नका. बेटाच्या मुख्य भूमीचे अगदी उत्तरेकडचे टोक, मॅलिन हेड, डॉनिगॉलमध्ये आहे, म्हणजे ज्याला लोक ‘दक्षिण’ म्हणतात त्या राज्यात.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. उत्तर आयर्लंड ‘ग्रेट ब्रिटन’मध्ये नाही, ते युनायटेड किंग्डममध्ये आहे. तिथे आजही प्रोटेस्टंटांचे बहुमत आहे हेही आता खरे नाही: 2021 च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे 45.7 टक्के, प्रोटेस्टंट वा अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीचे 43.5. काउंट्यांचा कारभारही उत्तरेत 1973 मध्येच संपला, आता तिथे अकरा कौन्सिले आहेत. लोक मात्र आपली ओळख काउंटीनेच सांगतात. आणि लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, ते ब्रिटनच्या कुठल्या प्रांताचे मुख्यमंत्री नव्हते. ते आयर्लंड या सार्वभौम देशाचे पंतप्रधान होते, आणि तो देश 1949 मध्येच राष्ट्रकुलातूनही बाहेर पडला आहे.

शेवटचा गैरसमज डब्लिनला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना थेट अडचणीत आणू शकतो. सीमेवर फाटक नाही, पहारा नाही, बस बेलफास्टला सरळ जाते. म्हणून अँट्रिमच्या किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे पाहायला वेगळा व्हिसा लागत नाही असे ते धरून चालतात. लागतो. आयर्लंडचा निवास परवाना युनायटेड किंग्डममध्ये चालत नाही. 2015 पासून भारतीयांसाठी एकाच व्हिसावर दोन्ही देश फिरण्याची सोय आहे, पण ती अल्पमुदतीच्या आणि ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असलेल्या व्हिसापुरती. सहलीचे तिकीट काढण्याआधी आपल्या व्हिसावर तो शेरा आहे का, हे पाहून घ्यावे.