मृत्युलेख मुलांच्या हाती

निधनवार्तेचे पान मुलांच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते दुमडून ठेवणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत. घरात अशुभ नको, ही त्यामागील भावना. ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण एका माणसाचे सबंध आयुष्य दोन रकान्यांत वाचण्याची संधी मुलाला त्याच पानावर मिळते.

आरंभी भेद समजावा. तसबिरीसह येणारी 'दुःखद निधन' ही चौकट घरच्यांनी पैसे देऊन छापलेली जाहिरात. मृत्युलेखात लिहिणाऱ्याची पारख असते. मग मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी. 'मनमिळाऊ', 'न भरून येणारी पोकळी' असे कोणत्याही मृताला चालणारे शब्द त्याने खोडावेत. उरेल तो माणूस. पुष्कळदा काहीच उरत नाही, हेही त्याला कळू द्यावे!

मराठीतला उत्तम धडा 'केसरी'त आहे. आगरकर त्याचे पहिले संपादक. टिळकांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले व १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढले. १७ जून १८९५ रोजी ते वारले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले, तेव्हाही तेच. थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणण्याचे श्रेय त्यांना देणारा लेख त्यांच्या प्रतिपक्षाच्या लेखणीतून उतरला.

"मग भांडण खोटं होतं का?" असे मूल विचारील. भांडण खरे होते आणि आदरही खरा होता. दोन्ही एकदम मनात धरणे मुलाला जड जाते, मोठ्यांनाही जातेच. घाई करू नये.

पुढची पायरी, कोण वगळले गेले ही. 'न्यूयॉर्क टाइम्स' १८५१ पासून निघते. आपल्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचाच भरणा झाला हे ओळखून त्याने २०१८ मध्ये राहून गेलेल्यांवर लेखमाला सुरू केली. पहिल्याच खेपेत १९६९ साली वारलेल्या मधुबाला होत्या. आपल्या पानावर स्त्रिया किती आणि त्यांतल्या 'अमक्यांच्या मातोश्री' एवढ्याच किती, हे मुलाने मोजावे. नंतर घरातल्या गेलेल्या पणजीवर दहा ओळी लिहाव्या. तिचे माहेरचे नाव काय, येथेच बहुधा लेखणी अडते. ते सांगणारे कोणी घरात आहे तोवर हा पाठ उरकून घ्यावा.