परक्या मैदानांवरचा हंगाम

९ नोव्हेंबर १९१२. हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दोन संघ समोरासमोर उभे होते. एकीकडे अमेरिकी सैन्याचे भावी अधिकारी. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलची मुलं. याच सैन्याने ज्यांच्या जमिनी हिसकावल्या, त्या मूळनिवासी जमातींची. त्याने वूंडेड नी इथे केलेल्या लाकोटांच्या हत्याकांडाला अजून पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. तुमच्या वाडवडिलांशी लढले ते यांचेच वाडवडील, अशी आठवण प्रशिक्षक पॉप वॉर्नरने सामन्याआधी करून दिली, असं सांगतात. ती करून द्यावी लागली असेल, असं मला वाटत नाही.

ही शाळा १८७९ मध्ये सैन्याधिकारी रिचर्ड प्रॅटने लष्कराच्या जुन्या बराकींत उघडली. मुलांमधलं मूळनिवासीपण पुसून टाकायचं, हा तिचा उघड हेतू. आल्याआल्या केस कापले जात, अंगावर गणवेश चढे आणि मातृभाषा बोलायला बंदी होई. पहिल्याच तुकडीतल्या एका लाकोटा मुलाने पुढे आपली आठवण लिहून ठेवली आहे. हातात छडी देऊन त्याला फळ्यावरच्या खुणांपैकी एक दाखवायला सांगितलं. त्या खुणा म्हणजे गोऱ्यांची नावं आहेत, हे त्याला कळणार कसं? त्याची छडी 'ल्यूथर'वर टेकली. नाव कापडाच्या पट्टीवर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवलं गेलं, आणि तो ल्यूथर स्टँडिंग बेअर झाला.

फुटबॉलला प्रॅटचा सुरुवातीला विरोध होता. एका सामन्यात विद्यार्थ्याचा पाय मोडल्यावर त्याने बाहेरच्या संघांशी खेळणं बंदच केलं. मुलं विनवणी घेऊन गेली, तेव्हा दोन अटींवर त्याने परवानगी दिली: कोणी ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही, आणि देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचं.

हा अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू काखेत घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी कबड्डीतल्यासारखी पकड करून आडवं पाडायचं. तेव्हा तो नुसता रेटारेटीचा खेळ होता. भारी अंगाचा संघ जिंके. कार्लाइलची मुलं वजनाने कमी, संख्येने थोडी. म्हणून त्यांनी वेगाची आणि हुलकावणीची वाट धरली. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ आणि हार्वर्डला २३-१५ असं हरवलं. १९१२ मध्ये नियम आणखी मोकळे झाले. दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, पाचाऐवजी सहा गुण झाले. पळणाऱ्या संघाला हे वरदानच होतं.

त्या वर्षीचा संघ म्हणजे आगगाडीत बसलेला अर्धा खंड. कर्णधार जिम थॉर्प ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन जिंकून परतलेला. क्वार्टरबॅक गस वेल्श विस्कॉन्सिनचा ओजिब्वे. ॲलेक्स आर्कासा वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातला, पीट कॅलॅक कॅलिफोर्नियाचा. घरच्या मैदानावर सामने मोजकेच. मोठे सामने परगावी, कारण प्रेक्षक आणि तिकिटाचे पैसे तिथेच. पिट्सबर्ग, सिराक्यूज, वॉशिंग्टन, थेट कॅनडातलं टोरांटोसुद्धा. थकवा अंगात मुरवतच ही मुलं हंगामभर खेळली.

वेस्ट पॉइंटला पहिले सहा गुण लष्कराने घेतले. मग वॉर्नरची नवी मांडणी उलगडू लागली. चेंडू नेमका कोणाच्या काखेत आहे हे पकड करणाऱ्याला कळेपर्यंत धावणारा बगल देऊन निघून गेलेला असे. थॉर्पकडे सगळ्यांचे डोळे लागले की आर्कासा सुटे. त्याने तीन टचडाउन केले. थॉर्पची एक लांब धाव पंचांनी चूक धरून रद्द केली, तरी तो थांबला नाही. लष्कराच्या दोघांनी त्याला एकदमच लोळवायचं ठरवलं, पण तो निसटला आणि ते दोघे एकमेकांवर आदळले. त्यांतला एक ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. डोकं भडकून दांडगाईला उतरल्यामुळे लष्कराच्याच कर्णधाराला पंचांनी बाहेर काढलं. कार्लाइलने २७-६ असा सामना जिंकला.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ते ३४-२६ असे हरले. हंगामअखेर हिशेब असा: बारा विजय, एक हार, एक बरोबरी. जानेवारी १९१३ मध्ये थॉर्प पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं बाहेर आलं आणि त्याची ऑलिंपिक पदकं काढून घेतली गेली. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं.

या हंगामाचं कौतुक करताना शाळेच्या पदरात पुण्य टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. शाळेने दिलं ते मैदान. चापल्य, जिद्द आणि संघभावना मुलांची स्वतःची होती. त्याच आवारात १८० हून अधिक मुलांच्या कबरी झाल्या. घरी परत न गेलेल्या मुलांच्या. ज्या देशासाठी थॉर्प ऑलिंपिकमध्ये धावला, त्या देशाने सर्व मूळनिवाशांना नागरिकत्व दिलं ते १९२४ मध्ये.

म्हणून मला या संघाची खरी चाल वेस्ट पॉइंटनंतरची वाटते. मैदानावर खेळी पुकारणं हे तेव्हा क्वार्टरबॅकचं काम. शाळेच्या कारभाराविरुद्धही गस वेल्शने तेच केलं. अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसची चौकशी समिती कार्लाइलला आली. वेल्शने तिच्यासमोर खुद्द वॉर्नरविरुद्धही साक्ष दिली. शाळेच्या तेव्हाच्या अधीक्षकाला पद सोडावं लागलं, वॉर्नर त्या हंगामानंतर पिट्सबर्गला गेला, आणि १९१८ मध्ये शाळाच बंद झाली.

त्या अर्जाच्या सुमारे पस्तीस वर्षं आधी याच शाळेत मुलांच्या पाठीवर परकी नावं शिवली गेली होती. अर्जाखालची कित्येक नावंही तसलीच, दुसऱ्याने दिलेली. पण या वेळी ती मुलांनी आपल्या हाताने लिहिली होती, आपलं म्हणणं मांडण्यासाठी.