मुठीत मावणारे हिशेबयंत्र

सोसायटीच्या चिटणिसांनी खिशातून फोन काढून दुधाचा हिशेब केला, तर आज कुणाला त्याचे नवल वाटत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी पाठ करून हेच हिशेब केले. या दोहोंच्या मध्ये एक असे यंत्र होऊन गेले की, त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. तरी ते मुठीत मावे आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार बिनचूक करी. त्याचे नाव कुर्टा. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे.

व्हिएन्ना शहरात हेर्त्स्टार्क घराण्याचा हिशेबयंत्रांचा कारखाना होता. त्या काळची यंत्रे म्हणजे टेबलावर ठेवायची जड धुडे. जमीन मोजणारे, बांधकामावर देखरेख करणारे लोक म्हणत, खिशात घालून नेता येईल असे काही द्या. घरचा मुलगा कुर्ट (जन्म 1902) या गोष्टीच्या मागे लागला.

अडचण वजाबाकीची होती. अनेक यंत्रांत वजाबाकीसाठी चाके उलटी फिरवावी लागत; त्यासाठी जादा चाके, म्हणजे जादा जागा. कुर्टने विचार केला, वजाबाकी बेरजेनेच केली तर?

हे कसे जमते ते पाहू. गुरुजींनी पाटी-पेन्सिल जवळ घ्यावी. 543 मधून 217 वजा करायचे आहेत. 217 मधला प्रत्येक अंक नवातून काढा. दोनाचे सात, एकाचे आठ, साताचे दोन; झाले 782. आता 543 मध्ये 782 मिळवा, 1325 आले. त्यात 1 मिळवा, 1326. डावीकडचा एक पुसून टाका. उरले 326. उत्तर बरोबर! हातचा उसना घेणे नाही की काही नाही.

कुर्टने यंत्राच्या मध्यभागी एकच दातेरी नळकांडे बसवले. त्यावर अंकांचे दाते होते, तसेच नवातून काढलेल्या अंकांचेही. बाजूच्या कळा सरकवून आकडा लावायचा आणि वरचे हँडल एकदा फिरवायचे, की बेरीज. तेच हँडल किंचित वर उचलून फिरवले, की वजाबाकी. 24 ला 13 ने गुणायचे, तर 24 लावून तीन फेरे, मग वरचा भाग एक घर सरकवून आणखी एक फेरा, 312 हजर.

या कल्पनेच्या पेटंटसाठी त्याने 1938 साली अर्ज केला. पण त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. कुर्टचे वडील ज्यू. कारखान्याला जर्मन सैन्याचे काम करावे लागले. 1943 साली त्याच्या दोन कामगारांना परदेशी रेडिओच्या बातम्यांपायी अटक झाली. त्यांची रदबदली करायला गेलेला कुर्टही पकडला गेला. त्याची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली.

तेथील अधिकाऱ्यांना त्याच्या यंत्राची माहिती होती. त्यांनी त्याला आराखडे काढायची मुभा दिली. हेतू हा की, युद्ध जिंकल्यावर ते यंत्र हिटलरला नजर करावे. कुर्टने ओळखले की, हे कागद आहेत तोवर आपल्या जगण्याला मुदत आहे. छावणीतले काम उरकून तो आठवणीतून एकेक चाक, एकेक दाता पेन्सिलीने उतरवीत राहिला. 11 एप्रिल 1945 रोजी छावणी मुक्त झाली, तेव्हा आराखडे जवळजवळ तयार होते.

पुढे लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात कारखाना निघाला आणि 1948 च्या सुमारास कुर्टा बाजारात आले. वजन पाव किलोहून कमी, आत सुमारे सहाशे भाग. एक लाखाहून अधिक यंत्रे तयार झाली.

मग विजेच्या यंत्रांचा जमाना आला. 1967 साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी आणि सहकाऱ्यांनी हातात धरण्याजोगे, बॅटरीवर चालणारे हिशेबयंत्र करून दाखवले. 1972 साली ह्यूलेट-पॅकार्डचे एचपी-35 निघाले. किंमत 395 डॉलर, पण ते वर्गमूळ आणि त्रिकोणमितीही सोडवी. 1980 साली जपानच्या शार्प कंपनीने बेसिक भाषेत आज्ञा घेणारा खिशातला संगणक आणला. कुर्टाचे उत्पादन त्याआधीच, सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीस, थांबले होते. कुर्ट हेर्त्स्टार्क 1988 साली वारला.

यंत्र गेले, पण त्यातली युक्ती गेली नाही. आजचा संगणकही वजाबाकी अशीच बेरजेने करतो. त्याच्याकडे शून्य आणि एक हे दोनच अंक. म्हणून तो शून्याचा एक आणि एकाचा शून्य करतो, 1 मिळवतो आणि बेरीज उरकतो.

तेव्हा गुरुजी, उद्या वर्गात 543 वजा 217 ही वजाबाकी दोन्ही रीतींनी करवून घ्या. डावीकडचा एक का पुसायचा, हे मुलांनाच शोधू द्या. 217 आणि त्याचा 782 यांची बेरीज किती येते, एवढे विचारा. पोरे पुढची वाट काढतील. कळ दाबली की उत्तर मिळते. पण ते कसे आले हे ज्याला कळले, त्याचा हिशेब बॅटरी संपल्यावरही अडत नाही.