सतराव्या वर्षी सिंफनी लिहिणारी पोरं तिकडेच का? आपली पोरं काय करत होती?

गोष्ट आहे १८५५ सालची. पॅरिसमधल्या जॉर्ज बिझे नावाच्या पोरानं १७ व्या वर्षी अख्खी सिंफनी लिहिली आणि ती कागदांच्या गठ्ठ्यात पडून राहिली. १८७५ मध्ये बिझे गेला. आपली सिंफनी वाजलेली त्यानं कधी ऐकलीच नाही. ती पहिल्यांदा वाजली १९३५ मध्ये, तब्बल ८० वर्षांनी.

हे जमलं, कारण ती लिहिलेली होती.

मेंडेल्सोननं आठ वाद्यांचं 'ऑक्टेट' लिहिलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. शुबर्टची १७ व्या वर्षीची गाणी आजही गायली जातात, तीही कागदामुळेच.

मग आपल्याकडे अशी पोरं नव्हती?

होती की. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणीच मैफली गाजवत होते. पण टाळ्या पडायच्या त्या गाण्याला. त्यांच्या स्वतःच्या बंदिशींचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक आलं १९६५ मध्ये, चाळिशी उलटल्यावर.

कारण आपली पद्धतच वेगळी. आधी गुरूची बंदिश घोटायची, मग राग जागच्या जागी फुलवायचा. म्हणजे रचना रोज होते आणि मैफल संपली की विरते. नवी बंदिश बांधली तरी ती तोंडी. शिष्यानं उचलली तर टिकली, नाहीतर गेली.

इथं मिरज येते

विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि पुस्तकं छापली. गळ्यातलं गाणं कागदावर आलं.

पुढं रेकॉर्ड आणि सिनेमा आला. १९३७ मध्ये सांगलीत जन्मलेले हृदयनाथ मंगेशकर १९५५ च्या 'आकाशगंगा' या मराठी चित्रपटाचे संगीतकार झाले. वय जेमतेम अठरा! सिनेमाचं संगीत असल्यामुळं त्या वयातल्या कामाची नोंद तरी राहिली.

मग मुद्दा काय?

मुद्दा एवढाच, की टिकण्यासाठी प्रतिभेसोबत नोंदही लागते. आज साताऱ्यात किंवा सांगलीत क्लासला जाणारी एखादी पोरगी नवी बंदिश बांधत असेल, तर तिला नुसतं 'छान' म्हणून सोडू नका. मोबाईलवर रेकॉर्ड करा, वहीत स्वर लिहा, खाली तिचं नाव आणि तारीख टाका.

बिझेच्या कागदांनी ८० वर्षं वाट पाहिली. तोंडी चाल एवढी थांबत नाही.